रेजिस वात्रलोच्या पाच चिठ्ठ्या

मॅचमध्ये कोण किती धावला हे हल्ली टीव्हीवाले किलोमीटरमध्ये सांगतात. मला त्याची कधी गरज पडली नाही. फ्रान्समधल्या आमच्या खाणगावाच्या, मार्लांकूरच्या, फुटबॉल क्लबाचे कपडे मी चौतीस वर्षं धुतले. चड्डी हातात घेतली की मला कळायचं. माझ्या नवऱ्याची, ओमेरची, चड्डी तीन पाण्यांतून काढली तरी चिखल सोडायची नाही. तो डाव्या बाजूचा बचावपटू. सकाळी खाणीत कोळसा उपसायचा आणि रविवारी मैदान उकरायचा. आणि रेजिस वात्रलोची चड्डी? ती मी धुतली असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. झटकायची आणि वाळत घालायची.

रेजिस आमच्याच गल्लीतला, खाणीच्या विटांच्या घरांतला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याचा बाप खाणीच्या काट्यावर कारकून होता, म्हणजे कोळशाच्या जवळ राहूनही काळं न होण्याची कला घरातच होती. आई त्याच्या चड्ड्यांना इस्त्री करायची. फुटबॉलच्या चड्ड्यांना! आम्ही बायका नळावर त्यावरून हसायचो.

तो मधल्या फळीत खेळायचा. चेंडू आला की त्यावर बूट ठेवायचा, मान उंच करायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, आणि मग एक हात लांब करून बोट दाखवायचं, की इकडे पळा. कुणीतरी पळायचं. बहुतेक वेळा ओमेरच. तो धापा टाकत पोचेपर्यंत रेजिसनं चेंडू मागे गोलकीपरकडे ढकललेला असायचा. तरी स्टँडमधून टाळ्या. "काय नजर आहे पोराची!" म्हणायचे. आमचे हे घरी येऊन बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणायचे, "तो बोट दाखवतो, धावतो मी, आणि टाळ्या त्याला. ट्रॅफिक पोलीस आहे लेकाचा." ते नाव गावभर झालं. रेजिसला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला तो मान वाटला.

१९७३ साली एका मोठ्या शहराच्या पहिल्या श्रेणीतल्या क्लबानं त्याला उचललं. त्यांचा माणूस ज्या दिवशी बघायला आला त्या दिवशी जोरात पाऊस होता आणि मैदानात बावीस जण चिखलानं इतके माखले होते की ओळखू येईनात. एक सोडून. बघणाऱ्याला तोच दिसला, ह्यात माझ्या मते नवल काही नाही.

चार मोसमांत तो एकोणीस मॅचेस खेळला, त्यातल्या तेरा शेवटच्या पंधरा मिनिटांपुरत्या. गोल एक. तोही कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याच्या ढुंगणाला लागून आत गेला. त्या गोलाचा फोटो त्यानं मोठा करून दिवाणखान्यात लावला, फक्त कमरेच्या वरचा भाग ठेवून. मग आणखी दोन खालचे क्लब झाले आणि १९८० साली, तिशीला, तो उंटाच्या रंगाचा लांब कोट घालून गावात परत आला. ज्या गावातल्या निम्म्या पुरुषांच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती, त्या गावानं बँड वाजवून त्याचं स्वागत केलं. माझा ओमेर ट्रंपेट वाजवत होता. फुंकताना खोकला येत होता त्याला, तरी वाजवत होता.

चार वर्षं आमच्याकडे खेळला, मग कोच झाला. कोचगिरीची परीक्षा दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा म्हणाला, "परीक्षकांना आत्ता कुठे माझी भाषा कळायला लागलीय." मग गेला बाहेर. आर्देनमध्ये अकरा महिने टिकला. नॉर्मंडीत एक मोसम, त्यात संघ खालच्या श्रेणीत गेला. दक्षिणेत नाताळपर्यंत. आखातात कुठेतरी एक वर्ष. दर वेळी काढून टाकलं की तो आईच्या घरी यायचा आणि येताना नवीन सिद्धांत घेऊन यायचा. नॉर्मंडीहून आला तेव्हा खेळाडूंनी पाव खायचा नाही. दक्षिणेतून आला तेव्हा सरावाला चार रंगांची जॅकिटं हवीत. ती धुणार कोण? आखातातून आला तेव्हा तर खेळाडूंनी मैदानात एकमेकांशी बोलायचंच नाही, बोलण्यानं विचार फुटतो म्हणे. त्याची बायको मॉरिसेत नॉर्मंडीच्या मोसमातच एका दातांच्या डॉक्टरबरोबर निघून गेली. चौकातल्या कॅफेत बसून तो सगळ्यांना सांगत होता, "मॉरिसेतला खेळ वाचताच यायचा नाही." आमच्यातल्या सगळ्यांनाच वाटलं की तिनं तो फार उशिरा वाचला.

२००२ साली आमच्या क्लबाच्या अध्यक्षांनी त्याला परत बोलावलं. अध्यक्ष म्हणजे बावे, फरशांचे व्यापारी. भला माणूस, पण कोटवाल्या माणसासमोर लगेच वाकणारा. तेव्हा आमचा संघ हौशी श्रेणीत मधल्या जागेवर होता. कॅप्टन होता फाब्रिस कुबियाक. पोलंडहून खाणीत आलेल्या लोकांचा नातू, आमच्या समोरच्या घरातला. लहानपणी त्याची आई कारखान्यात गेली की तो माझ्या स्वयंपाकघरात पाव-लोणी खात बसायचा. मला मावशी म्हणायचा. मोठा होऊन पोस्टमन झाला. दिवसाला चौदा किलोमीटर सायकल आणि रविवारी मैदान. त्याच्या चड्डीबद्दल मी सांगितलं तर ओमेरची आठवण येईल, म्हणून सांगत नाही. ओमेर १९९१ साली गेला.

दुय्यम कोच होता एद्मों, आमचा जुना गोलकीपर, बस चालवायचा. त्याला मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. खेळाडू त्याच्यावर जीव टाकायचे. रेजिस त्याला 'शंकू' म्हणायचा, कारण सरावाचे शंकू मांडायचं काम त्याच्याकडे होतं.

तर २००४ च्या जानेवारीत फ्रान्सच्या कपमध्ये आमच्यासारख्या हौशी संघाच्या वाट्याला दुसऱ्या श्रेणीतला पैसे घेऊन खेळणारा क्लब आला. तेही आमच्या मैदानावर. गाव वेडं झालं. दुकानदारांनी काचांवर निळे-पांढरे कागद चिकटवले, पाद्रीबाबांनी रविवारची प्रार्थना तासभर आधी घेतली. आणि नेमका आमचा महान कोच निलंबित! महिन्यापूर्वी त्यानं लाइनमनच्या अंगावर तो उंटी कोट भिरकावला होता आणि "घे, तुला झाकायची गरज आहे" असं म्हणाला होता. चार मॅचेस बेंचवर बसायला बंदी, कपडे बदलायच्या खोलीत यायला बंदी, खेळाडूंशी बोलायला बंदी.

शुक्रवारी तो माझ्या धुलाईखोलीत आला. तीन मशीन चालू होती.

"आर्लेत," तो म्हणाला, "तू बेंचपर्यंत जातेसच ना? टॉवेल घेऊन?"

"जाते. चौतीसाव्या वर्षीही जाणारच आहे."

"मी सगळ्यात वर, खांबाजवळ बसणार. महासंघाचा माणूस बेंचच्या मागे असेल, फोन करता येणार नाही. मी चिठ्ठी लिहीन, तू टॉवेलात घालून एद्मोंला द्यायची."

"मला पकडलं तर?"

"धोबिणीला कोण पकडतंय?" तो अगदी सहज म्हणाला. मग जाता जाता इस्त्रीच्या टेबलावरचे शर्ट उलटसुलट करून बघितले. "आणि हे नंबर आत करून घडी घालू नकोस. खेळाडूनं आपला नंबर बघितला पाहिजे. मानसशास्त्र आहे त्यात."

तेहतीस वर्षं मी नंबर आत करूनच घडी घातली होती, कारण तसं केलं की नंबर उडत नाहीत. तो गेल्यावर मी शर्ट पुन्हा तशाच घडीत ठेवले. पण ते मनात राहिलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे केलं ते काही निव्वळ विचारपूर्वक केलं, असं मला भासवायचं नाही.

रविवारी मैदान कडक गोठलेलं आणि वरून दोन बोटं चिखल. सतराशे माणसं. फ्राइजच्या गाडीपुढची रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. खेळ सुरू झाल्यावर नवव्या मिनिटाला रेजिसनं वरून खाकरून मला खूण केली. मी पायऱ्या चढून गेले, त्यानं वहीच्या चौकटीच्या कागदाची घडी माझ्या टॉवेलात सरकवली. उतरताना, जिन्याच्या वळणावर, मी ती उघडली. का? वाचावंसं वाटलं म्हणून. लिहिलं होतं: "मागे तिघे. कुबियाक पुढे. सगळ्यांना गप्प बसायला सांग."

मी खाली पाहिलं. एद्मों रेषेजवळ उकिडवा बसून टाळ्या वाजवत होता आणि आमची पोरं एकमेकांना ओरडून ओरडून सांगत होती, मागे बघ, डावीकडे बघ, आलो, सोड. मोठ्या क्लबाची पोरं गोंधळली होती. स्कोअर शून्य-शून्य. मी बेंचपाशी गेले, एद्मोंला टॉवेल दिला. चिठ्ठी माझ्या एप्रनच्या खिशात होती.

"काही म्हणाला का तो?" एद्मोंनं विचारलं.

"म्हणाला, छान चाललंय."

एद्मोंचा चेहरा असा फुलला की मला माझ्या खोटेपणाची लाजसुद्धा वाटली नाही.

दुसरी चिठ्ठी मध्यंतराच्या आधी. तीही वाचली. "बोट दाखवा! कुणीच दिशा दाखवत नाहीये." मी जिन्यात एकटीच हसले. तिसरी आणि चौथी उघडलीही नाही, सरळ खिशात. एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, फाब्रिस सगळ्यांच्या वर उडाला आणि डोक्यानं चेंडू जाळ्यात मारला. त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले होते एवढं आठवतं. थोड्या वेळानं वरून खाकरण्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग चक्क माझ्या नावानं हाक. पाचवी चिठ्ठी देताना रेजिसनं माझं मनगट धरलं. "पळत जा," म्हणाला. मी मनात म्हटलं, जिंकतोय आपण, आता हा येऊन श्रेय लाटायला बघतोय. पाचवी चिठ्ठीही खिशात गेली.

शहाऐंशीव्या मिनिटाला फाब्रिस त्यांच्या पुढच्या खेळाडूच्या पायातून चेंडू काढायला वळला आणि तसाच खाली बसला. कुणी त्याला धक्का दिला नव्हता. नुसता वळला आणि बसला. त्याला स्ट्रेचरवरून नेताना त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला, पण चेहरा पांढराफटक होता. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. लोक मैदानात घुसले, बावेसाहेबांनी फरशांच्या दुकानाचा झेंडा गोलपोस्टला बांधला.

संध्याकाळी मशीन भरायच्या आधी मी एप्रनचा खिसा रिकामा केला. तिसऱ्या चिठ्ठीत बाण काढले होते, कुठून कुठे ते त्यालाच ठाऊक. चौथीत लिहिलं होतं, "एद्मों, उभा राहा, गवळ्यासारखा काय बसलायस." पाचवीवर वेळ घातली होती, चौऱ्याहत्तरावं मिनिट. "कुबियाकला काढ. लगेच. उजवा गुडघा. गोलनंतर पाय टेकला तेव्हापासून आत वळतोय, तीनदा पाहिलं. नाही म्हणाला तर ओढून काढ."

मी इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर बसले. मशीन चालूच केलं नाही.

मंगळवारच्या स्थानिक पेपरात अर्ध्या पानावर रेजिसचा फोटो, वर मथळा: 'स्टँडमधून जिंकलेली मॅच'. त्यानं सांगितलं होतं की त्यानं पाच चिठ्ठ्या पाठवल्या आणि पाचही जशाच्या तशा अमलात आल्या. "माझा संघ म्हणजे माझ्या हाताची बोटं," असं वाक्य होतं. महासंघात आमचा पेपर कुणी वाचत नसावं, नाहीतर बंदी वाढलीच असती. बातमीदारानं कॅप्टनच्या गुडघ्याबद्दल विचारलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतलं लिगामेंट तुटलंय. रेजिसचं उत्तर छापलं होतं: "दुर्दैव. ते कुणालाच दिसलं नसतं."

हे वाचून मला आधी हायसं वाटलं. हो, हायसं. मग ते वाटल्याचा राग आला.

त्याच दिवशी तो आला. हातात पेस्ट्रीचा खोका.

"ते कागद कुठे आहेत?"

"आहेत."

"फेकून दे."

"पाचवा मी वाचला, रेजिस."

तो खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "तू दिला नाहीस."

"एकही दिला नाही."

तो इतका पांढरा पडला की मला वाटलं, आता हा फाब्रिससाठी रडेल. "एकही?" तो म्हणाला. "म्हणजे ती मॅच... तो शंकू?"

"तुला फाब्रिसचं काही विचारायचं नाही का?"

"विचारणारच आहे. भेटायला जाणार आहे. पण ऐक, आर्लेत." त्यानं दार लोटून घेतलं. "तू गप्प बस, मीही गप्प बसतो. त्यानं तुझंच भलं आहे. पोराचा गुडघा तुझ्या खिशात होता, माझ्या नाही."

मी त्याला पेस्ट्रीसकट बाहेर काढलं. पण गप्प बसले. त्याच्या लाचेला भुलून नाही, त्याच्या शेवटच्या वाक्याला घाबरून. कारण ते खरं होतं.

पुढच्या फेरीत त्याची बंदी संपली, तो बेंचवर बसला. मागे तिघे, सगळे गप्प, प्रत्येकाचा हात लांब. चार-शून्यनं हरलो. तरी जूनमध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबानं त्याला बोलावलं. त्यांच्या अध्यक्षानं म्हणे पेपरातलं ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. नऊ मॅचेसमध्ये एक बरोबरी आणि आठ हार. ऑक्टोबरमध्ये तो परत आईच्या घरी. ह्या वेळचा सिद्धांत असा होता की हल्लीचे खेळाडू चिठ्ठ्या वाचत नाहीत.

फाब्रिसची दोन ऑपरेशनं झाली. पोस्टाची सायकल गेली, त्याला खिडकीवर बसवलं. पायाखाली एक बाक, त्यावर पाय लांब करून तिकिटं विकायची. मी रोज त्याच्या घरी सूप घेऊन जायचे. त्याची बायको सेव्हरिन म्हणायची, "मावशी, तुमच्यासारखं कुणी नाही." सात महिने ते ऐकून घेतलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो मागच्या परसात कबुतरांचा खुराडा साफ करत होता, तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं आणि कागद हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला.

"चौऱ्याहत्तरावं मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे बारा मिनिटं त्याला माहीत होतं."

"त्याला वाटलं मी दिली."

"पण मी खेळतोय हे तर दिसत होतं ना त्याला! मग उठून खाली का नाही आला? बावीस पायऱ्या आहेत, मावशी. ओरडला का नाही? सतराशे माणसं ओरडत होती."

"निलंबन वाढलं असतं."

"हो ना." त्यानं कागदाची घडी घातली. "त्याला दिसलं. त्यानं दाखवलं. उठायचं दुसऱ्यानं." मग माझ्याकडे पाहून, आवाज न चढवता, म्हणाला, "आणि तू. तुला वाचता येतं ना?"

"येतं."

"मग वाचायचं होतंस."

तो घरात गेला. मी परसातून बाहेर पडले ती बाजूच्या फाटकानं. दुसऱ्या दिवशी सूप केलं आणि ओतून दिलं.

पुढच्या मेमध्ये क्लबाचं वार्षिक जेवण झालं. सशाचं मटण आणि मनुका, ढीगभर बटाटे, बियर. बावेसाहेबांनी रेजिसला बोलायला उभं केलं, कारण त्याला तिसऱ्यांदा कोच करायचा त्यांचा विचार चालला होता. रेजिस उभा राहिला, कोट सावरला आणि पाच चिठ्ठ्यांची गोष्ट सुरू केली. पहिलीत काय, दुसरीत काय, कशी प्रत्येक चिठ्ठी मैदानावर जिवंत झाली. लोक मान डोलावत होते. फाब्रिस कोपऱ्यातल्या टेबलावर पाय लांब करून बसला होता. तो बसल्या जागेवरून म्हणाला,

"आणि पाचवीत काय होतं?"

रेजिस जरासा अडखळला. "पाचवीत? वेळ काढा, असं. चेंडू बाजूंना खेळवा."

"मावशी," फाब्रिस म्हणाला. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मला हाक मारली. "तू सांग."

मी उभी राहिले. दीडशे माणसं. मी सांगितलं की एकही चिठ्ठी बेंचपर्यंत गेली नाही. पाचवीत काय होतं तेही सांगितलं. ती मी न वाचता खिशात घातली हे सांगितलं, आणि मला का द्यायची नव्हती तेही. शर्टाच्या घड्यांवरून मला राग होता, हेसुद्धा. रेजिस म्हणाला, "बाई म्हातारी झालीय," पण एवढ्या हळू की त्याच्या बाजूच्यालाच ऐकू गेलं.

मग एद्मोंनं काटा खाली ठेवला. "म्हणजे ती मॅच मी जिंकून दिली?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या हाती एकही चिठ्ठी आली नव्हती, पण पेपर वाचून त्याला वाटलं होतं की त्या परस्पर पोरांकडे गेल्या; सव्वा वर्ष त्या माणसाला वाटत होतं की वरून कुठूनतरी डोकं चालत होतं, आणि आपण फक्त टाळ्या वाजवत होतो. कुणी हसलं नाही. बावेसाहेब उठले आणि त्याचा ग्लास भरू लागले. भरतच राहिले. बियर टेबलक्लॉथवर आली तरी त्यांना कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी काम सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, पण कुणी थांबही म्हणालं नाही. एद्मोंला कोच केलं. दोन मोसम, सातवा नंबर आणि आठवा. पेपरात एक ओळ आली नाही. तो मजेत होता. फाब्रिस पोस्टाच्या खिडकीवरच आहे. मी गेले की बोलतो, हवापाण्याचं बोलतो, तिकीट नीट लावून देतो. त्याच्या घरी मी जात नाही, आणि तोही ये म्हणत नाही.

रेजिसला कुणी कोच केलं नाही. तो आता जिल्ह्याच्या रेडिओवर शनिवारी मॅचबद्दल बोलतो. उंचावर काचेच्या खोलीत बसतो, कोण चुकतोय ते सांगतो आणि कुणाला उठवून कुठे पाठवावं लागत नाही. काम चोख करतो म्हणतात. त्याच्या अंगाला शोभेल असं काम शोधायला त्याला पंचावन्न वर्षं लागली एवढंच.

गेल्या शरदात बाजारात तो माझ्यापुढे उभा राहिला. केस पांढरे, कोट तोच, कोपरावर चामड्याचं ठिगळ. मी कांद्याच्या पातीसारख्या जाड लीकची जुडी निवडत होते. मला वाटलं, इतक्या वर्षांनी ह्याला फाब्रिसबद्दल काहीतरी म्हणायचं असेल. मी हातातली जुडी खाली ठेवली, खरंच ठेवली.

"आर्लेत," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता सगळं झालं-गेलं. खरं सांग. बाकीच्या चार कशा होत्या?"

"काय?"

"चिठ्ठ्या. तू वाचल्यास ना. पाचवीचं सोड. पण त्या चार, अमलात आल्या असत्या तर?"

"भिकार होत्या, रेजिस."

त्यानं ढिगातली एक जुडी उचलली आणि परत ठेवली. "तिसरीपण? ती बाणांची?"

"ती सगळ्यात भिकार."

भाजीवालीनं विचारलं, जुडी घ्यायची की नाही. मी दोन घेतल्या.